स्कालियांची खुर्ची आणि सिनेटमधली भाऊबंदकी

१३ फेब्रुवारी २०१६, शनिवार. टेक्ससमध्ये पार आडबाजूला एक रँच आहे, लोक तिथं शिकारीला वगैरे जातात, तिथं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे जज अँटोनिन स्कालिया मुक्कामाला होते. सकाळी नाश्त्याला आले नाहीत म्हणून खोलीत जाऊन बघितलं तर झोपेतच गेलेले. वय ७९. दुपारनंतर बातमी बाहेर आली, आणि ती पक्की होऊन तासभर झाला असेल नसेल तोच सिनेटमधले, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहातले, रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांचं पत्रक आलं. त्यात दुःख वगैरे होतंच, पण खरी ओळ पुढं होती: पुढचा जज निवडताना जनतेचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, म्हणून नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत ही जागा भरू नये.

आपल्याकडं माणूस गेला की निदान दहावं-तेरावं होईपर्यंत वाटण्यांचा विषय काढत नाहीत, काढला तर गावात नाव निघतं. इथं देह अजून टेक्ससमध्येच होता. आणि त्याच रात्री साउथ कॅरोलिनात रिपब्लिकन इच्छुक उमेदवारांची टीव्हीवर डिबेट होती, तिथं ट्रम्प यांना हाच प्रश्न विचारला तर ते म्हणाले लांबवा, लांबवा, लांबवा. तीनदा.

अमेरिकेतल्या दोन पक्षांमधलं वैर या विषयावर लोक लिहितात तेव्हा बहुतेक वेळा ट्रम्पपासून सुरुवात करतात, नाहीतर ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसदेत झालेल्या दंग्यापासून. मला मात्र हे एका खुर्चीचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण यात कुणी दगड मारला नाही, कुणी काच फोडली नाही, लेखी कायदाही कुणी मोडला नाही. सगळं टाय-सूटमध्ये झालं. तरी मधला बांध पार गेला.

आता ज्यांना तिकडची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडं सुप्रीम कोर्टाचे जज ६५ ला रिटायर होतात आणि निवड कॉलेजियम करतं, त्यामुळं एखादा जज गेला म्हणून निवडणुकीचं गणित बदललं असं आपल्याला वाटत नाही. तिकडं नऊ जज, १८६९ पासून नऊच, आणि जज एकदा बसला की मरेपर्यंत किंवा स्वतः उठेपर्यंत. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मान्यता देते, घटनेत शब्द आहेत सल्ला आणि संमती असे. पण सिनेटनं किती दिवसांत संमती द्यायची, हिअरिंग, म्हणजे उमेदवाराची जाहीर विचारपूस, घ्यायचीच का, मत टाकायचंच का, याबद्दल घटनेत एक अक्षर नाही. आतापर्यंत हे चालत आलं ते रिवाजावर. गावात पाण्याच्या पाळ्या कागदावर नसतात पण सगळ्यांना माहीत असतात, तसं.

आणि ही खुर्ची साधी नव्हती. स्कालिया म्हणजे उजव्या बाजूचा कणा. त्यांच्यासकट कोर्ट पाच-चार असं उजवीकडं झुकलेलं होतं, ते गेले की चार-चार, आणि तेव्हाचे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांच्या मनाचा माणूस बसवला असता तर जवळपास साडेचार दशकांत पहिल्यांदा डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या जजांचं बहुमत झालं असतं. गर्भपात, बंदुका, युनियन, निवडणुकीतला पैसा, सगळं या एका खुर्चीवर अडकलेलं. ओबामांचे दिवस किती उरले होते? २० जानेवारी २०१७ पर्यंत मोजले तर ३४२. म्हणजे शेवटचे चार दिवस राहिले होते आणि घाईघाईनं कुणाला चिकटवायचं चाललं होतं असं अजिबात नाही, जवळजवळ अख्खं वर्ष होतं.

मॅककॉनेल यांच्या हातात ५४ रिपब्लिकन सिनेटर होते, शंभरात ५४. एवढ्या बहुमतात ते ओबामांच्या माणसाला हिअरिंगला बोलावून, चार दिवस उलटसुलट प्रश्न विचारून, मग सरळ मतदानात पाडू शकले असते. तो हक्क त्यांचा होताच. मग पाडलं का नाही? मला वाटतं इथंच खरी ग्यानबाची मेख आहे. माणूस एकदा टीव्हीसमोर बसला, शांतपणे उत्तरं देऊ लागला, लोकांना बरा वाटू लागला, की आपल्याच पक्षातले चार-सहा जण पाघळतात. माणूस दिसूच द्यायचा नाही म्हणजे तो प्रश्नच मिटला. २३ फेब्रुवारीला जजांची नावं आधी तपासणाऱ्या ज्युडिशियरी कमिटीतल्या अकराच्या अकरा रिपब्लिकनांनी सही करून पत्र दिलं की कुणाचंही नाव आलं तरी हिअरिंग होणार नाही. तोवर ओबामांनी कुणाचं नावही घेतलं नव्हतं बरं का! म्हणजे विरोध माणसाला नव्हता, ज्या घरातून स्थळ येणार त्या घराला होता.

आपल्याकडच्या बातम्यांत तेव्हा वेगळंच चाललेलं. चंदीगडला जन्मलेले, कॅन्ससमध्ये वाढलेले श्री श्रीनिवासन यांचं नाव संभाव्य यादीत होतं, २०१३ मध्ये सिनेटनं त्यांना खालच्या अपील कोर्टावर ९७-० नं मान्यता दिलेली, त्यामुळं आता भारतीय वंशाचा माणूस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात अशा बातम्या इकडं जोरात होत्या. तिकडं मूळ दारालाच कुलूप लागलंय हे आपण वाचतच नव्हतो.

१६ मार्चला ओबामांनी नाव दिलं मेरिक गार्लंड यांचं. हा सिलेक्शनचा भाग नीट बघण्यासारखा आहे. गार्लंड ६३ वर्षांचे, म्हणजे तिकडच्या हिशेबानं वयस्कर, कारण आजकाल दोन्ही पक्ष पन्नाशीच्या आसपासचा माणूस शोधतात, तीस-तीस वर्षं बसेल असा. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाचे मुख्य जज. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटाचा तपास आणि खटला उभा करण्याचं काम त्यांनी सांभाळलेलं. १९९७ मध्ये सिनेटनं त्यांना ७६-२३ नं पास केलेलं, म्हणजे तेव्हा बऱ्याच रिपब्लिकनांची मतं होती. आणि ऑरिन हॅच, युटाचे जुने रिपब्लिकन सिनेटर, हे तर नाव जाहीर व्हायच्या थोडेच दिवस आधी म्हणाले होते की ओबामा गार्लंडसारखा चांगला माणूस सहज देऊ शकतात पण देणार नाहीत. ओबामांनी तोच दिला! हॅच यांनी तरी विरोधच केला.

ओबामांचा अंदाज असा असणार की इतका मधला, इतका निर्विवाद माणूस दिला तर समोरच्यांना नाही म्हणायला लाज वाटेल. तो अंदाज इथंच चुकला, कारण लाज ही दोघांना मान्य असलेल्या चौकटीत वाटते, चौकटच राहिली नसेल तर समंजस स्थळ आणलं काय आणि भांडकुदळ आणलं काय. उलट डेमोक्रॅट पक्षाचे तरुण कार्यकर्तेही फार पेटले नाहीत, त्यांना गार्लंड म्हणजे गुळमुळीत वाटले. तडजोडीचा उमेदवार दोन्हीकडून पोरका झाला.

आता जेरी मोरन यांची गोष्ट. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त सांगून जाणारी गोष्ट ही आहे आणि तिच्यावर फार कमी लिहिलं जातं. मोरन कॅन्ससचे रिपब्लिकन सिनेटर. कॅन्सस म्हणजे पक्कं रिपब्लिकन राज्य, तिथं नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांना काडीचा धोका नव्हता. मार्चमध्ये एका छोट्या गावातल्या सभेत ते लोकांना म्हणाले की मी गार्लंडला भेटीन, हिअरिंग व्हायला हरकत नाही, चुकीचं मत दिलं म्हणून तुम्ही मला बोललात तर चालेल पण काम केलं नाही म्हणून बोलणं मला खायचं नाही. किती साधं बोलणं! तुमच्या आमच्या पंचायत समितीचा सदस्यही असंच बोलला असता. आणि यानंतर त्यांच्यावर जे काही तुटून पडले ते डेमोक्रॅट नव्हते, त्यांच्याच बाजूच्या संघटना होत्या. ज्युडिशियल क्रायसिस नेटवर्क, टी पार्टी या कडव्या उजव्या चळवळीवाले, सगळे म्हणाले जाहिराती करू, प्रायमरीत तुमच्यासमोर दुसरा माणूस उभा करू. प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट कुणाला ते ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, तिथं मतदान कमी होतं आणि जे येतात ते कडवे येतात. दोन आठवडे गेले नसतील, मोरन यांच्या ऑफिसनं कळवलं की साहेबांनी गार्लंड यांचं रेकॉर्ड तपासलंय, ते पसंत नाही, सबब हिअरिंगची गरज नाही.

म्हणजे भीती समोरच्या पक्षाची नाहीच. भीती आपल्या मागे बसलेल्या माणसाची. दोन पक्षांतलं वैर वाढतं म्हणजे नेमकं काय होतं हे मला या दोन आठवड्यांत दिसतं: समोरच्याशी साधा नमस्कार केला तरी घरातले म्हणतात फितूर. अलास्काच्या लिसा मुर्कोव्स्की यांनीही आधी हिअरिंगला अनुकूल सूर लावला होता आणि मग मागं घेतला. इलिनॉयचे मार्क कर्क मात्र ठाम राहिले, गार्लंड यांना भेटणारे ते पहिले रिपब्लिकन, आपल्या पक्षाला जाहीरपणे म्हणाले की मर्दासारखं मत तरी टाका. इलिनॉय डेमोक्रॅट राज्य आहे, त्यांना ते गरजेचंही होतं. नोव्हेंबरमध्ये हरले. जो वाकला तो टिकला, जो ताठ राहिला तो पडला, पण पडला तो समोरच्याच पक्षाकडून, त्यामुळं यातून धडा काय घ्यायचा कुणालाच कळेना.

मॅककॉनेल यांच्या बाजूनं काय युक्तिवाद होता तेही सांगायला पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. त्यांनी बाहेर काढलं जो बायडन यांचंच जुनं भाषण, जून १९९२ मधलं. तेव्हा बायडन सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीचे अध्यक्ष होते आणि थोरले बुश राष्ट्राध्यक्ष. बायडन म्हणाले होते की निवडणुकीच्या ऐन धामधुमीत एखादी जागा रिकामी झाली तर बुश यांनी निवडणूक होईपर्यंत नाव देऊ नये. रिपब्लिकनांनी याला बायडन रूल असं बारसं करून टाकलं. गंमत म्हणजे तेव्हा जागा रिकामीच झाली नव्हती, ते नुसतं भाषण होतं, आणि त्याच भाषणात मधला माणूस दिला तर विचार करू असंही होतं. पण भाषण होतं हे खरंच. दुसऱ्या बाजूनं डेमोक्रॅट सांगायचे की सुप्रीम कोर्टाचे जज अँथनी केनेडी यांना फेब्रुवारी १९८८ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्याच वर्षात, डेमोक्रॅट बहुमताच्या सिनेटनं ९७-० नं पास केलं होतं, राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन रेगन असताना. त्यावर रिपब्लिकन म्हणायचे ती जागा आदल्या वर्षीची होती. त्यावर ते म्हणायचे... असो. वकिली थाटात हे तासन्‌तास चालतं.

माझा एक आतेभाऊ न्यू जर्सीत असतो, बरीच वर्षं झाली, तिकडं मत टाकतो. २०१७ मध्ये दिवाळीला आला होता तेव्हा सीट चोरली हो त्यांनी, सरळ चोरली, असं तावातावानं सांगत होता. मी विचारलं तुझ्या शेजाऱ्याचं काय म्हणणं आहे, तो रिपब्लिकन आहे ना. तर म्हणे त्याचं एकच, बॉर्क. काहीही बोला, तो म्हणतो बॉर्कच्या वेळी तुम्ही काय केलंत?

तर हा बॉर्क. १ जुलै १९८७ ला रेगन यांनी सुप्रीम कोर्टासाठी रॉबर्ट बॉर्क यांचं नाव दिलं आणि तासाच्या आत डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी सिनेटमध्ये उभे राहिले आणि बॉर्क यांच्या अमेरिकेत बायकांना चोरून गर्भपात करावे लागतील, काळ्या माणसांना वेगळ्या टेबलावर बसावं लागेल अशा धाटणीचं घणाघाती भाषण ठोकलं. (तिथंही तासाच्या आतच. २०१६ चं पत्रक वाचताना मला पहिलं हेच आठवलं.) पुढं जाहिराती, मोहिमा, आणि शेवटी ५८-४२ नं बॉर्क पडले. त्यांचं आडनाव तिकडं क्रियापद होऊन बसलं, एखाद्याला बॉर्क करणे म्हणजे बदनाम करून पाडणे. रिपब्लिकनांच्या जुन्या हिशेबाच्या वहीचं पहिलं पान हे. फक्त एक गोष्ट शेजारी सांगत नाही: बॉर्क यांना हिअरिंग मिळाली, कमिटीचं मत मिळालं, पूर्ण सभागृहाचं मत मिळालं, आणि त्यांच्या विरोधात सहा रिपब्लिकनही होते. पडले ते मैदानात पडले.

दुसरं पान मिगेल एस्ट्राडा. धाकट्या बुश यांनी अपील कोर्टासाठी दिलेला माणूस, डेमोक्रॅटांनी फिलिबस्टर करून अडवला, २००३ मध्ये त्यानं नाव मागं घेतलं. फिलिबस्टर म्हणजे चर्चा संपूच द्यायची नाही, ती संपवायला ६० मतं लागतात, म्हणजे ४१ जण जमले की काम ठप्प. २००५ मध्ये दोन्हीकडचे सात-सात सिनेटर एकत्र बसले आणि कशीबशी तडजोड केली. त्यानंतर स्वतः ओबामांनी सिनेटर असताना धाकट्या बुश यांनी सुप्रीम कोर्टासाठी दिलेल्या अलिटो यांच्याविरुद्धच्या फिलिबस्टरला साथ दिली होती, पुढं राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांना याचा पस्तावा झाला असं ते म्हणाले, पण तोवर ओळ वहीत गेली होती. मग पाळी उलटली. ओबामा आले, आता रिपब्लिकन अडवायला लागले, वॉशिंग्टनच्या अपील कोर्टातल्या तीन जागा अडकल्या, आणि २१ नोव्हेंबर २०१३ ला डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी नियमच फिरवला: सुप्रीम कोर्ट सोडून बाकी सगळ्या नेमणुकांना साधं बहुमत पुरे. याला तिकडं न्यूक्लिअर ऑप्शन म्हणतात. मॅककॉनेल तेव्हा अल्पमतात होते, ते म्हणाले तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल, आणि वाटतं त्याच्या बराच आधी होईल.

ज्यांचं शेत आहे त्यांना बांध कोरणं म्हणजे काय ते सांगायला नको. शेजारी नांगरताना दरवर्षी एक वीत आत येतो. एका वर्षात कळत नाही. तुम्ही बोललात तर तो म्हणतो तुझ्या बापानं आधी कोरला होता. आणि खरं सांगायचं तर बापानं कोरलेलाही असतो. मग तुम्हीही पुढच्या पेरणीला एक वीत घेता, आणि असं करत करत ज्या बांधावरून दोन्ही घरांच्या बायका डोक्यावर भाकरी घेऊन जायच्या तो बांधच राहत नाही. आपल्याकडं निदान मोजणी आणता येते, भूमी अभिलेखवाला नकाशा घेऊन येतो आणि खुणा गाडतो. सिनेटमध्ये मोजणीवालाच नाही. नियम बनवणारे तेच, मोडणारे तेच, आणि तक्रार जिथं न्यायची ते कोर्ट म्हणजेच भांडणातलं शेत.

पण सगळे सारखेच कोरतात असं म्हणून मी मोकळा होणार नाही, ते सोपं आहे आणि मला वाटतं खोटंही आहे. बॉर्क, एस्ट्राडा, रीड, या सगळ्या पायऱ्या होत्या. गार्लंड प्रकरणात एका फटक्यात दोन-तीन पायऱ्या एकदम उतरल्या गेल्या, कारण आधी म्हणणं असायचं की हा माणूस नको, आता म्हणणं झालं की तुमच्याकडून कुणीच नको. कर्क यांच्यासारखा त्यांच्यातलाच माणूस मत टाका म्हणून ओरडत होता याचं कारण तेच. ऑगस्ट २०१६ मध्ये केंटकीतल्या एका राजकीय मेळाव्यात मॅककॉनेल यांनी अभिमानानं सांगितलं की ओबामांच्या डोळ्यात डोळे घालून तुम्ही ही जागा भरणार नाही असं मी म्हणालो तो माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात अभिमानाच्या क्षणांपैकी एक. आणि टाळ्या पडल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्यू रिसर्चचा सर्व्हे आलेला: ५८ टक्के रिपब्लिकन आणि ५५ टक्के डेमोक्रॅट समोरच्या पक्षाबद्दल अत्यंत वाईट मत ठेवून होते. १९९४ मध्ये हा आकडा दोन्हीकडं विसाच्या आसपास होता. टाळ्या कुठून येतात ते यात आहे. नेता वैर करतो म्हणून लोक चिडत नाहीत, खूश होतात.

कोर्ट इकडं आठ जणांवर चाललं होतं. २९ मार्चला कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांच्या युनियन वर्गणीचा खटला ४-४. २३ जूनला ओबामांच्या इमिग्रेशन योजनेचा खटला ४-४. बरोबरी झाली की खालच्या कोर्टाचा निकाल तसाच राहतो, तत्त्व काहीच ठरत नाही. कागदपत्रं नसलेल्या लाखो आईबापांचं काय होणार याचं उत्तर देशाच्या सर्वोच्च कोर्टानं दिलं ते एवढंच, की आमचं ठरत नाही.

ऑक्टोबर उजाडला, हिलरी क्लिंटन जिंकणार असं सगळ्यांना वाटत होतं, आणि आता जनतेचं म्हणणं ऐकायचं या तत्त्वाची परीक्षा होती. झाली पण. अॅरिझोनाचे मॅककेन म्हणाले हिलरी जे कुणी नाव देतील त्याविरुद्ध आम्ही एकजुटीनं उभे राहू (नंतर त्यांच्या ऑफिसनं सारवासारव केली). टेड क्रूझ म्हणाले कमी जजांवर कोर्ट चालल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर रिचर्ड बर तर कार्यकर्त्यांना म्हणाले की चार वर्षं जागा रिकामी ठेवायला लागेल ते करीन. म्हणजे जनतेनं समजा सांगितलंच असतं, तर ऐकणार कोण होतं?

ते बघायची वेळ आली नाही. ट्रम्प यांनी मे महिन्यातच ११ नावांची यादी छापली होती की यातूनच निवडीन, नंतर ती २१ ची केली, आणि जे धार्मिक मतदार त्यांच्या वागण्याबोलण्याला नाकं मुरडत होते त्यांना एक कारण मिळालं. एक्झिट पोलमध्ये २१ टक्के मतदार म्हणाले की सुप्रीम कोर्टाच्या नेमणुका आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाच्या, आणि त्यांच्यात ट्रम्प ५६-४१ नं पुढं होते. रिकामी खुर्ची ही अशी प्रचाराला फिरत होती. ३ जानेवारी २०१७ ला जुनी काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, संपली, त्याबरोबर गार्लंड यांचं नामांकन आपोआप संपलं. २९३ दिवस. एक मत नाही, एक हिअरिंग नाही.

पुढचं पटापट. ट्रम्प यांनी नील गोर्सच यांचं नाव दिलं. डेमोक्रॅटांनी फिलिबस्टर केला, ५५-४५ म्हणजे साठाला पाच कमी, आणि त्याच दिवशी, ६ एप्रिल २०१७ ला, मॅककॉनेल यांनी रीड यांचंच हत्यार उचलून सुप्रीम कोर्टासाठीही साठाची अट काढून टाकली. ७ एप्रिलला गोर्सच ५४-४५ नं बसले. तीन डेमोक्रॅटांनी बाजूनं मत दिलं, त्यातले दोघे २०१८ मध्ये हरले. ज्या स्कालियांच्या खुर्चीवरून हे सगळं झालं ते स्वतः १९८६ मध्ये ९८-० नं आले होते हे लिहिताना हात थोडा थांबतो. आणि रूथ बेडर गिन्सबर्ग, कोर्टातल्या डाव्या टोकाच्या, त्या ९६-३ नं. हे दोघं विचारानं एकदम विरुद्ध आणि खासगीत जिवलग, ऑपेराला एकत्र, थर्टीफर्स्टला दोन्ही कुटुंबं एकत्र. १९९४ मध्ये दोघं भारतात आले होते तेव्हाचा एका हत्तीवर बसलेला फोटो आहे, स्कालिया पुढं, गिन्सबर्ग मागं.

त्या गिन्सबर्ग १८ सप्टेंबर २०२० ला गेल्या. निवडणुकीला ४६ दिवस बाकी. आता २०१६ चं तत्त्व लावलं तर काय व्हायला पाहिजे होतं हे शाळेतलं पोरगंही सांगेल. त्याच संध्याकाळी मॅककॉनेल यांचं पत्रक, ट्रम्प जे नाव देतील त्यावर सिनेटमध्ये मतदान होईल. कारण असं दिलं की २०१६ मध्ये सिनेट एका पक्षाची आणि राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या, आता दोन्ही एकाच पक्षाचे, म्हणून केस वेगळी. सगळ्यात कठीण परिस्थिती रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांची. २०१६ मध्ये ते भर कमिटीत म्हणाले होते की पुढं रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष असताना शेवटच्या वर्षी जागा रिकामी झाली तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. २०१८ मध्ये परत तसंच म्हणाले. २०२० मध्ये तेच कमिटीचे अध्यक्ष, आणि लोकांनी त्यांचे शब्द खरंच वापरले, तो व्हिडिओ दिवसरात्र फिरत होता. त्यांचं उत्तर? ट्रम्प यांनी सुप्रीम कोर्टासाठी दिलेल्या कॅव्हनॉ यांच्या हिअरिंगच्या वेळी २०१८ मध्ये डेमोक्रॅट जे वागले त्यानंतर सगळं बदललं. वहीत एक नवीन पान, झालं. एमी कोनी बॅरेट यांचं नाव २६ सप्टेंबरला आलं, २६ ऑक्टोबरला ५२-४८ नं पास, निवडणुकीच्या आठ दिवस आधी. एकाही डेमोक्रॅटाचं मत नाही. गार्लंड यांना २९३ दिवस, बॅरेट यांना ३०. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द झाला त्यात गोर्सच आणि बॅरेट दोघांची मतं होती.

गार्लंड यांचं काय झालं विचाराल तर मार्च २०२१ मध्ये ते बायडन यांचे ॲटर्नी जनरल झाले. ७०-३०. बाजूनं मत देणाऱ्यांत मिच मॅककॉनेल होते! आतेभावाला मी हे मेसेज करून विचारलं, तर त्याचं उत्तर आलं, आता काय, काम झालं ना त्यांचं.

तेव्हापासून जजांनीही हिशेब शिकून घेतलाय. गिन्सबर्ग ओबामांच्या काळात, सिनेट डेमोक्रॅटांकडं असताना, निवृत्त झाल्या नाहीत हे त्यांच्याच चाहत्यांना आता बोचतं. म्हणून ८२ वर्षांच्या, डाव्या बाजूच्या जज ब्रायर यांच्यामागं २०२१ मध्ये डावे कार्यकर्ते हात धुऊन लागले, निवृत्त व्हा असं लिहिलेला ट्रक वॉशिंग्टनमध्ये फिरवला. त्यातच मॅककॉनेल यांनी एका मुलाखतीत सांगून ठेवलेलं की सिनेट पुन्हा आमच्याकडं आली तर २०२४ मध्ये बायडन यांचा माणूस पास होणं अवघड. जानेवारी २०२२ मध्ये ब्रायर यांनी जाहीर केलं, जातो. सिनेट ५०-५०. कुणाला सर्दी झाली, कुणी आजारी पडलं तरी गणित बिघडेल अशी अवस्था.

ब्रायर यांच्या जागी बायडन यांनी नाव दिलेल्या केतनजी ब्राउन जॅक्सन यांच्यावर मतदान झालं ७ एप्रिल २०२२ ला, गोर्सच यांच्या मतदानाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. ५३-४७, तीन रिपब्लिकन बाजूनं. निकाल जाहीर झाला, डेमोक्रॅट उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि रिपब्लिकन बाजूचे बहुतेक सगळे उठून दाराकडं चालायला लागले. एकटे मिट रॉम्नी आपल्या बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते, आजूबाजूची बाकं रिकामी.